राउंडक्यूब १.४ वरून १.६ वर नेताना: रात्री सर्व्हरवर, सकाळी माणसांजवळ

पुण्यात मी तीन ठिकाणचं ईमेल सांभाळते. भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना, टिळक रस्त्यावरचं एक सीए ऑफिस आणि नारायण पेठेतली एक शिक्षणसंस्था. तिन्हीकडची माणसं ब्राउझरमध्ये मेल उघडतात ते राउंडक्यूबमधून. नाव बहुतेकांना ठाऊक नाही, सगळे त्याला नुसतं ‘वेबमेल’ म्हणतात. राउंडक्यूब मुक्तस्रोत आहे. २००५ पासून ते घडत आलंय आणि २०२३ च्या नोव्हेंबरात नेक्स्टक्लाउड या फाइल-साठवणीच्या मुक्तस्रोत प्रकल्पाशी जोडलं गेलं. छोट्या ऑफिसांत ते एकदा कुणीतरी बसवून देतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. ही कामं माझ्याकडे आली तेव्हा तिन्ही ठिकाणी १.४ ही आवृत्ती होती, तीही ‘लॅरी’ या जुन्या रूपात.

ती १.६ वर नेताना जे केलं ते इथे क्रमाने मांडते आहे. आज्ञा आणि सेटिंगांची अचूक स्पेलिंगं पॅकेजसोबत येणाऱ्या ‘इन्स्टॉल’ आणि ‘अपग्रेडिंग’ या फाइलींत असतात. त्या शेजारी उघडून ठेवा. कोणती पायरी कशासाठी आणि कुठे अडकायला होतं, ते माझ्याकडून घ्या.

मेल कुठे असतात, हे आधी सांगा

सुरुवात करण्याआधी ऑफिसात सगळ्यांना एक गोष्ट समजावून सांगा. राउंडक्यूबमध्ये मेल नसतात. ते आयमॅप सर्व्हरवर, म्हणजे मेल साठवणाऱ्या सर्व्हरवर असतात आणि राउंडक्यूब ही त्यांच्याकडे बघायची खिडकी आहे. राउंडक्यूबच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात पत्ते, सह्या, प्रत्येकाच्या आवडीनिवडी, साठवलेली ठरावीक उत्तरं आणि थोडी तात्पुरती साठवण. म्हणजे अपग्रेड कितीही फसलं तरी दहा वर्षांचा पत्रव्यवहार जागच्या जागी राहतो. पत्त्यांची वही मात्र जाऊ शकते. सीए ऑफिसात एका ताईंच्या वहीत अकराशेच्या वर पत्ते होते, हाताने एकेक भरलेले. त्यांच्या दृष्टीने ती वही म्हणजेच वेबमेल. बॅकअप घेताना माझ्या डोळ्यांसमोर तीच होती.

आत्ताच का

नव्या सोयी पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे मी येतेच. पण त्या नसत्या तरी मी हे काम केलं असतं, कारण जुनी आवृत्ती ठेवणं म्हणजे दाराला कुलूप न लावता गावाला जाणं.

१ जून २०२५ ला राउंडक्यूबच्या १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आल्या. त्यांत सीव्हीई-२०२५-४९११३ या त्रुटीची दुरुस्ती होती (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा नोंदक्रमांक). ही त्रुटी कोडमध्ये सुमारे दहा वर्षं पडून होती. लॉगिन करू शकणारा कुणीही, म्हणजे ज्याच्या हाती एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड लागला आहे असा कुणीही, तिच्या जोरावर सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. तिची तीव्रता दहापैकी ९.९ धरली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, १.६.८ आणि १.५.८ ने सीव्हीई-२०२४-४२००९ बुजवली. तिच्यात तर कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. मुद्दाम रचलेलं मेल नुसतं उघडून वाचलं की वाचणाऱ्याच्या पेटीतली पत्रं बाहेर जाऊ शकत होती.

१.४ ला यातली एकही दुरुस्ती मिळालेली नाही. म्हणून १.६ घेताना १.६.११ च्या खाली थांबू नका. त्या दिवशी त्या मालिकेतली जी शेवटची दुरुस्ती उपलब्ध असेल तीच उतरवा.

वार कोणता धरायचा

भोसरीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कारखाना बंद, मेल कुणाला नको, म्हणजे गुरुवार सोयीचा असं वाटतं. पण महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. सर्व्हर कारखान्यातच असेल आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल, तर डेटाबेसचं रूपांतर अर्ध्यावर असताना वीज गेलेली परवडत नाही. मी बुधवारी रात्री आठला सुरू केलं, साडेदहाला संपवलं आणि गुरुवार तपासणीसाठी मोकळा ठेवला. सीए ऑफिसात वेगळं गणित. तिथे जुलै आणि सप्टेंबर हे गर्दीचे महिने सोडून काय ते करा.

तयारी

राउंडक्यूब ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची कोणती आवृत्ती सर्व्हरवर आहे ते सगळ्यात आधी पाहा. १.६ ला किमान ७.३ लागते, पण तेवढ्यावर भागवू नका, पीएचपीच्याही जुन्या आवृत्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. एमबीस्ट्रिंग आणि इंटल ही एक्स्टेंशनं चालू आहेत ना, ते बघा. अनेक लिप्यांमधला मजकूर नीट हाताळायला ती हवीतच.

मग तीन गोष्टींची प्रत घ्या: डेटाबेसचा पूर्ण डम्प (सगळा डेटा एका फाइलीत), कॉन्फिग म्हणजे सेटिंगांचा फोल्डर आणि प्लगइनचा, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींचा फोल्डर. डम्प घेतला म्हणजे बॅकअप झाला, असं धरू नका. तो दुसऱ्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून बघा आणि पत्त्यांच्या तक्त्यात किती ओळी आहेत ते मोजा. दोन्हीकडचा आकडा जुळला की मगच पुढे.

याच प्रतीवर रंगीत तालीम करा. नवं पॅकेज वेगळ्या फोल्डरात सोडा, त्याला एक तात्पुरतं उपडोमेन द्या, कॉन्फिगमध्ये डेटाबेसचं नाव प्रतीचं घाला. मेल सर्व्हर खराच राहू द्या, कारण मेल वाचण्याने काही बिघडत नाही. या तालमीत जे काही अडेल ते खऱ्या रात्री अडणार नाही. शिक्षणसंस्थेत तालमीतच कळलं की लोगोसाठी कुणीतरी बसवलेलं एक जुनं प्लगइन १.६ वर चालत नाही. ते मी काढूनच टाकलं.

डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर एक सूचना. १.५ पासून राउंडक्यूब पूर्ण युनिकोड, म्हणजे चार बाइटची अक्षरंही साठवतं आणि त्यासाठी अपग्रेडमध्ये तक्ते नव्या अक्षरसंचात बदलले जातात. आपली देवनागरी तीन बाइटांत बसते, ती आधीही नीटच होती. अडायच्या त्या इमोजी. कॅश नावाने सुरू होणारे तक्ते फुगलेले असतील तर रूपांतराला फार वेळ लागतो. त्यांत फक्त तात्पुरती साठवण असते, ते आधी रिकामे केले तर चालतं.

प्रत्यक्ष अपग्रेड

‘कम्प्लीट’ नावाचं पॅकेज उतरवा, त्याची सही तपासा आणि तात्पुरत्या फोल्डरात सोडा. त्यातल्या बिन फोल्डरात ‘इन्स्टॉलटू’ नावाची स्क्रिप्ट असते. तिला जुन्या राउंडक्यूबच्या फोल्डरचा पत्ता दिला की ती नव्या फाइली तिथे नेते आणि पाठोपाठ ‘अपडेट’ स्क्रिप्ट चालवते. अपडेट स्क्रिप्ट कॉन्फिगमधले कालबाह्य पर्याय दाखवते आणि डेटाबेसचे तक्ते नव्या रचनेत आणते. कॉन्फिग मी सुधारून देऊ का, असंही विचारते. मी नाही म्हणते आणि हाताने सुधारते, कारण प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे त्या निमित्ताने नजरेखालून जातं.

वेगळी प्लगइनं कम्पोजर या पीएचपीच्या पॅकेज-साधनातून घेतलेली असतील तर त्यांचीही नवी रूपं आता घ्या.

काम झाल्यावर इन्स्टॉलरचा फोल्डर काढून टाका. वेब सर्व्हरचं मूळ शक्यतो ‘पब्लिक एचटीएमएल’ या आतल्या फोल्डरकडे वळवा. कॉन्फिग, लॉग आणि टेम्प हे फोल्डर बाहेरून उघडता कामा नयेत. अपाचे या वेब सर्व्हरवर सोबतच्या फाइली हे काम करतात, एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. तिथे नियम तुम्हालाच लिहावे लागतात. ब्राउझरमध्ये लॉगच्या फाइलीचा पत्ता टाकून बघा. नकार आला पाहिजे.

जोडणीच्या दोन ओळी

इथे थोडं थांबून वाचा, सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

१.६ च्या आधी आयमॅप सर्व्हरचं नाव एका ओळीत आणि पोर्ट दुसऱ्या ओळीत असायचं. पाठवणीच्या एसएमटीपीचंही तसंच. १.६ ने दोन्हीचं एकेक केलं: पुढे टीएलएस किंवा एसएसएल (जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धती), मग सर्व्हरचं नाव, मग पोर्ट, सगळं एकाच ओळीत. मेलच्या चाळण्या (फिल्टर) सांभाळणाऱ्या मॅनेजसीव्ह प्लगइनचंही तसंच. जुन्या नावांच्या ओळी कॉन्फिगमध्ये राहिल्या, तर राउंडक्यूब मूळ गृहीत मूल्यं धरू शकतं: लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच सर्व्हरवर, आयमॅपसाठी १४३ आणि पाठवणीसाठी ५८७.

भोसरीत माझ्याकडून नेमकं इथेच राहिलं. आयमॅपची ओळ मी नीट लिहिली, लॉगिन झालं, मेल दिसले, मी समाधानाने घरी गेले. पाठवणीच्या ओळीत टीएलएससोबत लोकलहोस्ट लिहिलेलं होतं. जोडणी करताना पीएचपी सर्टिफिकेटवरचं नाव ताडून पाहते. सर्टिफिकेट मेल सर्व्हरच्या पूर्ण नावाचं, आपण हाक मारतोय लोकलहोस्ट म्हणून, म्हणजे नावं जुळत नाहीत आणि जोडणी तुटते. शुक्रवारी सकाळी नऊपासून कुणाचंच मेल जाईना. खरेदी विभागातल्या दादांना अकराच्या आत एक दरपत्रक पाठवायचं होतं. ते शेवटी त्यांनी स्वतःच्या फोनवरून, खासगी पत्त्यावरून पाठवलं आणि समोरच्याला फोन करून ते आपलंच आहे हे पटवून द्यावं लागलं. दुरुस्ती एका शब्दाची होती: लोकलहोस्टच्या जागी सर्टिफिकेटवरचं नाव.

सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाका, असा सल्ला तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. तो पाळू नका. नाव बरोबर लिहिणं तेवढ्याच मेहनतीचं आहे.

त्या दिवसापासून अपग्रेडनंतर मी एक ठरावीक फेरी करते. बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवते, तिकडून उत्तर मागवते, एक मोठी फाइल जोडते, मराठी विषयाचं मेल पाठवते, मसुदा साठवते, एक मेल पुसते आणि चाळणी उघडून बघते. वीस मिनिटं लागतात.

सकाळी, माणसांजवळ

१.६ च्या मूळ पॅकेजात लॅरी आणि क्लासिक ही जुनी रूपं नाहीत. ती वेगळी उतरवून बसवता येतात, पण मी तसं केलं नाही. ‘इलॅस्टिक’ हे रूप १.४ मध्येच आलं होतं आणि ते फोनच्या पडद्यावर नीट बसतं. एवढ्या एका कारणासाठी ते सगळ्यांना द्यावं. स्टोअरमधले काका आधी फोनवर वेबमेल उघडायचे तेव्हा दोन बोटांनी पडदा ताणून अक्षरं मोठी करायचे, मग सरकवत ‘रिप्लाय’चं बटण शोधायचे. आता यादी, मेल आणि उत्तर एकामागून एक पूर्ण पडद्यावर येतात. फोनच्या ब्राउझरमधून ‘होम स्क्रीनवर जोडा’ करून दिलं की त्यांच्यासाठी ते ॲपच.

पण रूप बदललं की पहिल्या तासात एकच प्रश्न येतो. माझ्याकडे तो या शब्दांत आला:

“ताई, माझं सेंट रिकामं झालंय. कालपर्यंतचं सगळं गेलं!”

“काका, गेलं नाही. हे बघा, खाली दुसरं एक सेंट आहे.”

झालं होतं असं, की काकांच्या संगणकावर थंडरबर्ड होतं, फोनवर तिसरंच ॲप होतं आणि प्रत्येकाने पाठवलेल्या मेलसाठी आपापलं फोल्डर करून घेतलं होतं: एक ‘सेंट’, एक ‘सेंट आयटम्स’, एक ‘सेंट मेसेजेस’. यासाठी सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस, त्यात ‘स्पेशल फोल्डर्स’. तिथे मसुदे, पाठवलेली, नको असलेली आणि पुसलेली मेलं कुठे जावीत ते ठरवता येतं. एक फोल्डर निवडा, बाकीच्यांतली मेलं त्यात ओढा, मग रिकामी फोल्डरं काढून टाका. आयमॅप सर्व्हरवरच कोणतं फोल्डर कशासाठी हे नोंदवून ठेवलंत तर पुढे नवं ॲप आलं तरी गोंधळ कमी होतो. एका माणसाला सात-आठ मिनिटं लागतात आणि त्यानंतर तो तुमचं बाकीचं सगळं ऐकतो.

तिथेच दिनांकाचा साचाही बदलून द्या. गृहीत धरलेला साचा वर्ष-महिना-दिवस असा आहे, आपल्या डोळ्यांना दिवस-महिना-वर्ष हवा. टक्क्याचं चिन्ह वापरून साचा लिहायची जुनी पद्धत १.६ ने काढली आहे. कॉन्फिगमध्ये तसं काही असेल तर आजच बदला.

मग पत्ते. १.५ पासून दोन आपोआप भरणाऱ्या वह्या आल्या: ज्यांना आपण मेल पाठवलं त्यांची एक आणि ज्यांच्यावर विश्वास आहे अशा पाठवणाऱ्यांची दुसरी. पहिलीचा फायदा रोजचा. एकदा मेल गेलं की पुढच्या वेळी दोन अक्षरं टाइप करताच पत्ता समोर येतो. अकराशे पत्ते हाताने भरलेल्या त्या ताई हे पाहून काही क्षण गप्पच बसल्या. दुसरी वही चित्रांसाठी आहे. बाहेरून येणाऱ्या जाहिरातींच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र असू शकतं. ते लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं, मेल उघडलं, अमुक वाजता उघडलं. म्हणून बाहेरची चित्रं ‘फक्त विश्वासू पाठवणाऱ्यांची’ दाखवा, असा पर्याय सेटिंग्जमध्ये निवडा. सगळ्यांसाठी मी हाच ठेवला आहे.

पत्ते आता चौकटीत बंद झालेले दिसतात आणि ‘टू’मधून ‘सीसी’त माउसने ओढता येतात. साहेबांना चुकून ‘टू’मध्ये घातलं की सगळं पुसून पुन्हा लिहायची गरज नाही.

ठरावीक उत्तरांची सोय जुनीच, पण १.६ मध्ये त्यांना रचनाही ठेवता येते: ठळक अक्षरं, तक्ता, दुवा. शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात जूनमध्ये प्रवेशाच्या चौकशीचं तेच ते उत्तर दिवसातून चाळीसदा जातं. कागदपत्रांचा तक्ता एकदा नीट मांडून ‘रिस्पॉन्सेस’मध्ये ठेवला आणि आता दोन क्लिकमध्ये तो मेलमध्ये येतो.

‘रीसेंड’, म्हणजे आलेलं मेल जसंच्या तसं दुसऱ्याकडे वळवणं, हे १.४ पासून आहे पण कुणी वापरत नाही. नेहमीच्या फॉरवर्डमध्ये पाठवणारे तुम्ही दिसता. रीसेंडमध्ये मूळ पाठवणाराच दिसतो, त्यामुळे ज्याच्या टेबलाचं काम आहे तो थेट ग्राहकाला उत्तर देऊ शकतो. चौकशीसाठी एकच पत्ता आणि काम करणारे चौघे, असं जिथे असेल तिथे हे जरूर शिकवा. अंधारी छटा (डार्क मोड) डाव्या पट्टीच्या तळाशी मिळते. ज्यांना हवी ते आपली आपण शोधतात.

रजेचं उत्तर

मॅनेजसीव्ह प्लगइन चालू केलं आणि कॉन्फिगमध्ये त्याचा ‘व्हेकेशन’ पर्याय सुरू केला की प्रत्येकाला सेटिंग्जमध्ये रजेचं स्वतंत्र पान मिळतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, विषय काय, मजकूर काय, तो मराठीतही चालतो. सर्व्हरवर सीव्ह (चाळण्यांची भाषा) चालू हवं, डोव्हकॉट या आयमॅप सर्व्हरवर ते पिजनहोल या जोडीने येतं आणि पोर्ट असतं ४१९०.

तक्रार येते ती अशी: “मी रजा लावली, पण उत्तर गेलंच नाही.” बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा उत्तर जाऊ नये म्हणून मध्ये काही दिवस सोडले जातात, ठरवून दिलं नाही तर साधारणतः सात. म्हणजे बाहेरच्या त्याच पत्त्यावरून तुम्ही दुसऱ्यांदा तपासून बघितलं तर काही येणार नाही. दुसरं कारण, मेल ज्या पत्त्यावर आलं तो पत्ता सीव्हला ‘तुमचा’ म्हणून माहीत नसतो. खरेदी विभागाचा सामायिक पत्ता तुमच्या पेटीकडे वळवलेला असेल, तर रजेच्या पानावर तो पत्ताही लिहा. नाहीतर त्यावर आलेल्या मेलला उत्तर जात नाही.

जोडपत्रं: आठवण आणि आकार

‘अटॅचमेंट रिमाइंडर’ हे प्लगइन मेलच्या मजकुरात ‘अटॅच’सारखे शब्द शोधतं आणि फाइल नसेल तर पाठवण्याआधी थांबवून विचारतं. हे शब्द वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषेच्या फाइलीतून येतात. मराठी लिहिणाऱ्यांसाठी आपले शब्द आपणच घालायचे. प्लगइनच्या भाषा-फोल्डरात मराठीची फाइल नसेल तर इंग्रजी फाइलीची प्रत मराठीच्या कोडने करा आणि शब्दांच्या ओळीत स्वल्पविराम देत लिहा: जोडले, जोडली, जोडलं, जोडत, जोडपत्र, सोबत पाठवत. मराठीत क्रियापद लिंग-वचनाने बदलतं, तेव्हा सगळी रूपं घाला. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा आणि तिची एक प्रत बाजूला ठेवा, पुढच्या अपग्रेडमध्ये ती पुसली जाऊ शकते. त्या माणसाने सेटिंग्जमध्ये भाषा मराठी निवडलेली हवी, हे विसरू नका. मराठीत काही शब्द इंग्रजीच दिसतात, पण रोजचं काम व्यवस्थित होतं.

आता आकार. भोसरीत रोजची कटकट ही: ड्रॉइंगची फाइल १८ एमबी आणि मेलमध्ये ती चढत नाही. वाटेत चार फाटकं आहेत आणि चारही उघडी हवीत. पहिलं वेब सर्व्हरचं. एनजिनएक्स न सांगता फक्त १ एमबी घेतो. दुसरं पीएचपीच्या एका फाइलीच्या मर्यादेचं, मूळ मूल्य २ एमबी. त्याच्याच जोडीला पूर्ण विनंतीची मर्यादा ८ एमबी, ती फाइलीच्या मर्यादेहून मोठीच ठेवा. तिसरं राउंडक्यूबच्या स्वतःच्या कॉन्फिगमधलं, ते मूळचंच ऐसपैस आहे. चौथं मेल सर्व्हरचं: पोस्टफिक्समध्ये मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण १० एमबी.

चौथ्या फाटकात एक मेख आहे. फाइल मेलमधून जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती सुमारे सदतीस टक्क्यांनी फुगते. म्हणून १० एमबीच्या मर्यादेत प्रत्यक्षात सात-साडेसात एमबीचीच फाइल जाते आणि १८ एमबीचं ड्रॉइंग जायला जवळजवळ २५ एमबी जागा लागते. मी पोस्टफिक्सवर ३० एमबी ठेवलं, पीएचपीत २०, वेब सर्व्हरवर २५. समोरच्याचा सर्व्हर किती घेतो हे आपल्या हातात नाही. त्याहून मोठ्या फाइलींसाठी मेल हे साधनच नव्हे, त्यांचा दुवा पाठवा.

मराठी मजकूर बिघडतो तेव्हा

शिक्षणसंस्थेतून तक्रार आली की नव्या वेबमेलने परिपत्रकाची ‘वाट लावली’. कार्यालयातल्या ताईंनी जुन्या वर्ड फाइलीतून मजकूर चिकटवला होता आणि मेलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत होता. यात वेबमेलचा दोष नाही. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, वर फक्त देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. मेलमधून अक्षर जातं, ते चित्र जात नाही. उपाय दोनच: मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा फाइलीची पीडीएफ करून जोडा. नवं टाइपिंग युनिकोडमध्येच करा. त्यांच्याकडे दोघी जणी आता इनस्क्रिप्ट हा युनिकोड कीबोर्ड शिकल्या आहेत.

फोल्डरांना मराठी नावं द्यायला हरकत नाही. सर्व्हरच्या डिस्कवर ती सांकेतिक रूपात दिसली तर घाबरू नका, आयमॅपची तशीच पद्धत आहे. पत्ताच देवनागरीत असावा, म्हणजे २०१४ पासून मिळणाऱ्या .भारत डोमेनवर, अशी हौस असेल तर राउंडक्यूबला १.४ पासून ते कळतं. मात्र मधले सगळे मेल सर्व्हरही ते समजणारे हवेत, म्हणून एक साधा रोमन पत्ता सोबत ठेवाच.

पहिला आठवडा

राउंडक्यूब एका मिनिटात किती चुकीचे लॉगिन चालवून घेतं, ती मर्यादा कॉन्फिगमध्ये आहे, मूळ मूल्य ३. ती तशीच राहू द्या आणि वर फेलटूबॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम) लावा. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी राउंडक्यूबमध्ये मुळात नाही. ती प्लगइनने किंवा १.५ पासून आलेल्या ओऑथच्या जोडणीतून वेगळ्या लॉगिन सेवेमार्फत आणता येते. सीए ऑफिसात मी ती आणली, तिथल्या मेलमध्ये लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात.

लॉग पुसू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. लॉगचं फिरतं साठवण त्या हिशेबाने लावा. पुसलेल्या नोंदी डेटाबेसमधून साफ करणारी ‘क्लीनडीबी’ स्क्रिप्ट रात्री क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत टाका. राउंडक्यूबच्या नव्या आवृत्त्यांची सूचना स्वतःच्या मेलवर येईल अशी सोय करा, आणि ती आली की त्याच आठवड्यातली एक रात्र राखून ठेवा. १.६ च्या आतल्या छोट्या दुरुस्त्यांना मला पाऊण तासही लागत नाही.

तालमीचं उपडोमेन दुसऱ्याच दिवशी बंद करा, विसरलेली जुनी प्रत हीच पुढची उघडी खिडकी ठरते. डेटाबेसचा डम्प मात्र सर्व्हरबाहेर, कुलपात, महिनाभर राहू द्या. भोसरीत बाविसाव्या दिवशी रंगकाम विभागातल्या एकाने विचारलं, की त्याच्या वहीतला एक गट कुठे गेला. तो त्याच्या हातूनच पुसला गेला होता आणि डम्पमधून दहा मिनिटांत परत आला.